स्क्रू सुटतो, पार्ट मिळत नाही: लिनक्ससाठी लॅपटॉप निवडण्यामागची पार्श्वभूमी

लिनक्ससाठी (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) दुरुस्त होणारा, पुढे रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (साठवणीची डिस्क) वाढवता येणारा लॅपटॉप कोणता, असं विचारलं की अमेरिका-युरोपातले वापरणारे फ्रेमवर्क या कंपनीचं नाव घेतात. नाशिकमध्ये एम. जी. रोडवर हेच विचारा, कंपनीतून निघालेला जुना थिंकपॅड नाहीतर डेलचा लॅटिट्यूड समोर येतो. आवडीनिवडीपेक्षा या फरकाला तीस वर्षांचा इतिहास जास्त कारणीभूत आहे, आणि त्यातला बराचसा भाग रॅम मदरबोर्डावर कायमची का चिकटली याचा आहे.

आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड ७००सी आणला तेव्हा लॅपटॉप ही कंपन्यांनी घ्यायची वस्तू होती, आणि बिघडला तर ऑफिसातच उघडून चालू करायची. म्हणून आयबीएम सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांसाठी खुलं ठेवायची. त्यात प्रत्येक सुट्या भागाला एफआरयू नंबर (बदलता येणाऱ्या भागाचा क्रमांक) असे. लेनोवोने २००५ मध्ये हा धंदा विकत घेतला तरी ही पद्धत चालू राहिली. आजही कीबोर्ड किंवा हिंज (झाकणाची बिजागरी) मागवताना मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. जुन्या भागावरच्या स्टिकरवरचा एफआरयू नंबर द्यावा लागतो, नाहीतर एकाच मॉडेलच्या टच आणि बिनटच पॅनलची अदलाबदल होऊन पार्ट परत पाठवायची वेळ येते.

घसरण सुरू झाली ती बारीक लॅपटॉपच्या हौसेपायी. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (डाग देऊन पक्की बसवलेली) होती. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक म्हणजे बारीक, हलक्या लॅपटॉपची टूम काढली आणि २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम सोल्डर, बॅटरी चिकटवलेली, असं दोन्ही झालं. गंमत म्हणजे त्याच २०१२ मध्ये डेलने एक्सपीएस १३ उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घालून विकायला काढला. लिनक्सवाल्यांना पहिल्यांदाच मोठ्या कंपनीचा चकाचक लॅपटॉप मिळाला, पण त्याचीही रॅम बोर्डावरच. लिनक्स नीट चालणं आणि लॅपटॉप दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून दिसत होतं. आजही लोक त्यांची गल्लत करतात.

रॅम सोल्डर करण्यामागे निव्वळ लबाडी आहे असं म्हणणं मात्र अर्धवट. एलपीडीडीआर जातीच्या रॅमला वीज कमी लागते, वेग जास्त असतो. पण ती कमी व्होल्टेजवर चालते, त्यामुळे प्रोसेसरपर्यंतचा रस्ता अगदी आखूड लागतो. नेहमीच्या सोडिम स्लॉटमधून (सुटी रॅम पट्टी बसते ती खाच) तो सिग्नल धड पोचत नाही. यावर उतारा म्हणून स्क्रूने बसणारं कॅम-२ हे मॉड्यूल आलं. मेमरीची प्रमाणं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याचं प्रमाण जाहीर केलं आणि थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत ते एलपीकॅम-२ या रूपात दिसलं. नाशिकच्या दुकानात ते सुटं मागून बघा, दुकानदार आधी नाव दोनदा विचारेल.

वाय-फाय कार्डाचीही अशीच कथा. थिंकपॅडच्या एक्स२३०, टी४३० या २०१२ च्या मॉडेलांत बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) ठरावीक कार्डांची यादी होती. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नसे. त्याच पिढीपासून बाहेरच्या बॅटरीची ओळख तपासणंही सुरू झालं, म्हणून स्वस्तातली बॅटरी बसते पण चार्ज होत नाही. कार्डांची यादी पुढे बंद झाली, पण नवा घोळ आला. इंटेलचं एएक्स२१० हे साधं पीसीआयई कार्ड आहे, ते एएमडी या दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या मशीनमध्येही चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच असतात, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसरमध्ये होतं, एएमडीमध्ये ती मुकी राहतात. रियलटेक या कंपनीचं कार्ड काढून लिनक्ससाठी इंटेलचं लावायचं असेल तर एएक्स२१०च मागावं. एवढ्या एका अंकावरून पैसे वाया जातात.

फ्रेमवर्कचा पहिला लॅपटॉप जुलै २०२१ मध्ये लोकांच्या हातात पडला. ऑक्युलस या व्हीआर हेडसेटच्या कंपनीतून आलेल्या नीरव पटेल यांनी काढलेली ही कंपनी. डबीतच स्क्रू ड्रायव्हर, विंडोजशिवाय सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची सोय, आणि जुन्या सांगाड्यात नवा मदरबोर्ड. २०२२ मध्ये इंटेलच्या १२ व्या पिढीचा बोर्ड आला, २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७०४० प्रोसेसरचा. वचन पाळलं, हे वापरणारे मान्य करतात. तक्रारी बारकाव्याच्या आहेत. रायझनच्या बोर्डाला डीडीआर५ लागते, त्यामुळे जुन्या बोर्डाची डीडीआर४ रॅम बाजूला ठेवून नवी घ्यावी लागली. ११ व्या पिढीच्या बोर्डावर घड्याळासाठी चार्ज होणारा छोटा सेल होता. मशीन बरेच दिवस बंद पडून तो पुरता उतरला की लॅपटॉप सुरूच होत नसे. १२ व्या पिढीचे फर्मवेअर (चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) अपडेट फार रखडले. आणि २०२५ च्या फ्रेमवर्क डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच आहे, कारण त्यातल्या रायझन एआय मॅक्सला स्लॉटमधून तेवढा वेग मिळेना. दुरुस्तीचा झेंडा घेतलेल्यांनाही तिथे माघार घ्यावी लागली.

आपल्याकडचा खरा अडसर वेगळाच आहे. फ्रेमवर्कची विक्री अमेरिका-कॅनडात सुरू झाली, मग युरोप, ऑस्ट्रेलिया, तैवान अशी वाढत गेली. २०२४ पर्यंत त्या यादीत भारत नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घालायचं ठरवलं, त्यातही पोस्टाने किंवा कुरिअरने आलेल्या एका लॅपटॉपला ड्युटी भरून सूट ठेवली. म्हणजे मशीन आणता येतं. पुढे बॅटरी फुगली की पंचाईत. सुटी लिथियम-आयन बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाही. मालवाहू विमान किंवा जहाज, त्यांची कागदपत्रं, आणि वॉरंटीसाठी परदेशातला पत्ता, एवढं सांभाळायची तयारी असेल तरच तो लॅपटॉप इथे दुरुस्त होणारा म्हणायचा.

याउलट थिंकपॅडचे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळतात. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची लीज (भाडेकरार) संपली की लॅपटॉप लॉटमध्ये निघतात, त्यातले काही नाशिकला येतात, आणि जे विकण्यालायक नसतात त्यांचे पार्ट होतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनचे भाव पडले. लिनक्सला त्याचं काही देणंघेणं नाही. तरी थोडे जास्त देऊन आठवी पिढी घ्यावी, कारण १५ वॉटच्या प्रोसेसरमध्ये दोनाचे चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) तिथेच झाले. थिंकपॅड टी४७० (सातवी पिढी) आणि टी४८० (आठवी) यांत दिसायला फरक नाही, कामात आहे.

२०१८ च्या टी४८० चा एवढा बोलबाला आहे तो याच जोडीमुळे: चार कोअर आणि दोन सोडिम स्लॉट. शिवाय एक बॅटरी आत, दुसरी मागून सरकवून काढायची. दुकानात बघताना आधी एफ१ दाबून बायोसमध्ये जावं. सुपरव्हायझर पासवर्ड मागितला तर सौदा तिथेच सोडावा, तो पासवर्ड आतला घड्याळाचा सेल काढूनही जात नाही. मग दोन्ही यूएसबी-सी पोर्टवर चार्जर लावून बघावा. २०१७ ते २०१९ च्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या (यूएसबी-सी पोर्टवरची वेगवान जोडणी) फर्मवेअरमध्ये दोष होता, तिथली मेमरी भरत जाऊन त्या पोर्टवरचं चार्जिंग किंवा एचडीएमआय बंद पडायचं. वेळीच फर्मवेअर अपडेट केलं तर मशीन वाचतं. पार मेलेल्या चिपवर मात्र चिप लेव्हल कारागिराला प्रोग्रामर लावावा लागतो. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) लिनक्स चालवून दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आताची क्षमता वाचावी. साठ टक्क्यांखाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्यावेत.

उघडण्याआधी बायोसमधल्या पॉवर विभागात आतली बॅटरी बंद करायची सोय आहे, ती वापरावी. आतली बॅटरी चालू ठेवून रॅम काढली तर बोर्ड जळू शकतो. रॅम सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असाव्यात, म्हणजे रॅमचे दोन्ही चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारे रस्ते) पूर्ण चालतात आणि ग्राफिक्सला फरक पडतो. लॉटमधल्या पुष्कळ मशीनना १३६६ बाय ७६८ चं फिकट पॅनल असतं. त्या जागी ३० पिनचं फुल एचडी आयपीएस पॅनल बसतं, ४० पिनचं घेऊ नये. लिनक्स टाकल्यावर टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं, विशेषतः मशीन दिवसभर चार्जरवर असेल तर.

झोपेचा प्रश्न मात्र नव्या मशीनचा आहे. टी४८० मध्ये झाकण मिटलं की एस३ स्थितीत (गाढ झोप) फक्त रॅमला वीज जाते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच मशीनमधून ती सोय गेली. नव्या पद्धतीत प्रोसेसर अर्धवट जागा राहतो, आणि एखादा ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) नीट झोपला नाही तर बॅगेत लॅपटॉप तापून सकाळी बॅटरी शून्यावर. नव्या लॅपटॉपबद्दल लिनक्सवाल्यांच्या तक्रारींत ही कायम वर असते.

कायद्याच्या बाजूने फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल काढलं. त्यावर कंपन्यांचे मॅन्युअल आणि सर्व्हिस सेंटर सापडतात, सुट्या पार्टचा पुरवठा काही त्याने होत नाही. युरोपचा बॅटरी कायदा १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी मागतो. मॉडेल बहुतेक जगभर एकच बनत असल्याने त्याचा फायदा इथल्या लॉटलाही होऊ शकतो.

लेनोवोने २०२४ च्या टी१४ पाचव्या पिढीत दोन्ही रॅम स्लॉट परत दिले. ती मशीनं लीजवरून निघेपर्यंत टी४८० नंतरची म्हणून टी४९० आणि टी१४ च्या पहिल्या पिढ्याच बाजारात दिसतील. टी४९० आणि पहिल्या टी१४ मध्ये थोडी रॅम सोल्डर आणि एक स्लॉट असतो. नावापुढे एस असलेल्या टी४९०एस आणि टी१४एस मध्ये तोही नाही. ही एसवाली मशीनं घ्यायचीच असतील तर १६ जीबी रॅमच्या खाली घेऊ नयेत.