बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग? अर्ज भरण्याआधी

बारावीनंतर 'कॉम्प्युटरलाच जायचंय' म्हणणाऱ्यापुढे महाराष्ट्रात मुख्य वाटा दोन, आणि दोन्हींचे अर्ज वेगळे.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला सीईटी (राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा) नाही. बारावी सायन्स, त्यात गणित, आणि बारावीच्या गुणांवर कॉलेजची गुणवत्ता यादी. (बीसीएला मात्र २०२४ पासून स्वतंत्र सीईटी आहे. ही गल्लत दरवर्षी होते.) प्रोग्रामिंग आणि गणित आवडतं, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स नको, अशांनी ही वाट कमी लेखू नये. पुढे एमसीए आहेच.

इंजिनिअरिंगच्या राज्यातल्या बहुतेक जागांसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट द्यावा लागतो. २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बारावीत भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य, आणि ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव गटांना ४० टक्के.

सीईटी दिली म्हणजे अर्ज झाला, असं नाही. कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी वेगळी करावी लागते. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला हे सगळ्यांनाच, डोमिसाईल बहुतेकांना. राखीव जागा हवी तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. त्यावरची तारीख आधी बघा, प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतानाचा ३१ मार्च त्यात बसला पाहिजे. टीएफडब्ल्यूएससाठी (शिक्षण शुल्क माफीच्या जागा) कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसीतल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, २०२४ च्या शासन निर्णयाने.

खरी मेख पसंतीक्रमात. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तिसरीत पहिल्या सहा. माझ्या भाचीने मामांच्या सांगण्यावरून नावाजलेल्या कॉलेजचं सिव्हिल पहिलं टाकलं, कॉम्प्युटर दुसरं. 'मिळणार थोडंच आहे!' मिळालं. तेव्हा एक नंबरला तेच टाका, जे मिळालं तर नक्की घ्याल.

बी.एस्सी.चे प्रवेश बहुधा आधी होतात. तिथे जागा धरून ठेवायला हरकत नाही, पण मूळ दाखला जमा करण्यापूर्वी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून घ्या आणि प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळते ते कार्यालयात विचारा.