आवारात शिरलेलं पोर आणि मालकाचं जनावर

फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लावली की आपण मोकळे, असं आपल्याकडे बरेच घरमालक धरून चालतात. चेंडू आणायला कुंपणावरून उतरलेल्या पोराला कुत्रा चावला, की पहिला सवाल येतो, ‘ते आत गेलंच कशाला?’ नुकसानभरपाईचा आपला कायदा बराचसा इंग्रजी निकालांवर उभा आहे आणि तिथे या सवालाचं वजन गेल्या शतकात पुष्कळ कमी झालं.

जुना नियम असा होता: हिंस्र श्वापद पाळणारा कायम जबाबदार, पण कुत्र्या-घोड्याच्या मालकाला त्या जनावराची खोड आधी ठाऊक असली तरच तो अडकायचा. त्यातून जखमी माणूस परवानगीवाचून आत आलेला असला तर त्याच्या पदरात जवळपास काहीच पडत नसे.

या नियमाला खरी ठेच 1911 मध्ये लागली. इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याच्या शेतातून लोक सुमारे 35 वर्षं रेल्वे स्टेशनकडे जवळच्या वाटेने जात. तो अधूनमधून हटकायचा, पण कोर्टाची पायरी कधी चढला नाही. मग त्याने चावरा म्हणून स्वतःला माहीत असलेला घोडा, कुणाला काही न सांगता, त्याच शेतात सोडला. घोड्याने एका वाटसरूला जबर जखमी केलं. खालच्या कोर्टांत वाटसरू घुसखोर ठरून दावा अडला होता; शेवटच्या अपिलात मात्र इतकी वर्षं चालू दिलेली वाट ही मूक परवानगीच, असं मानून शेतकऱ्याला जबाबदार धरलं गेलं. टीकाकारांच्या मते ही ओढाताण होती: हटकणं म्हणजे परवानगी कशी? मला निकाल योग्य वाटतो. लोक रोज येतात हे दिसत असताना धोकादायक जनावर सोडणाऱ्याला कुंपणाआड लपू देणं न्याय नव्हे.

तरीही 1929 मध्ये खाणीच्या यंत्रात सापडून मेलेल्या चार वर्षांच्या मुलाला घुसखोरच ठरवलं गेलं. ही कठोरता 1972 मध्ये, रेल्वेच्या तुटक्या कुंपणातून गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या खटल्यात ढिली झाली. त्याच सुमारास, इंग्लंडच्या 1971 च्या प्राणी कायद्याने मालकाला पुन्हा आडोसा दिला: जनावर राखणीसाठी नसेल, किंवा राखणीसाठी ठेवणं अवाजवी नसेल, तर त्या कायद्याखाली घुसखोराला भरपाई नाही. लहान मुलांसाठी त्या तरतुदीत वेगळा शब्दही नाही.

भारतात असा स्वतंत्र कायदा झालाच नाही. 1860 च्या दंडसंहितेचं कलम 289 जनावराबाबतच्या निष्काळजीपणाला शिक्षा सांगे. जखमी माणूस आत कसा आला, याचा त्यात उल्लेखही नव्हता. शिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा गुन्हा, म्हणजे फौजदारी अतिक्रमण, ठरायला गुन्ह्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो, आणि सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. 1 जुलै 2024 पासून जनावराबाबतचं ते कलम, दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, 291 झालं. कैद सहा महिन्यांपर्यंतच राहिली, दंडाची मर्यादा 1000 वरून 5000 रुपयांवर गेली. औषधपाण्याचा खर्च हवा असेल तर आई-बापांना बहुतेकदा दिवाणी दावा वेगळाच लावावा लागतो.