समलिंगी स्त्रीप्रेमाचा स्वतंत्र चित्रपट

दोन स्त्रियांमधील प्रेम हा ज्याच्या कथेचा कणा असतो आणि मोठ्या निर्मितीसंस्थांचे पाठबळ न घेता जो मर्यादित खर्चात तयार होतो, असा नाट्यप्रधान चित्रपट. या नात्यासाठी मराठीत घरोघरी रुळलेला शब्द नाही. ‘मैत्रीण’ हा शब्द ते नाते सांगतोही आणि झाकतोही, आणि या चित्रपटांचे नाट्य बहुधा याच आडोशातून उभे राहते.

पुण्याशी या विषयाचा धागा आधी रंगभूमीवरून जुळला. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्याचे महाविद्यालयीन जग आहे. तिथे एका नाट्यप्रयोगात पुरुषाची भूमिका करताना सुमित्रा, म्हणजेच मित्रा, आपल्या नायिकेच्या, नामाच्या प्रेमात पडते. मित्राची ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. मराठी नाटकाने हे धाडस इतक्या लवकर केले, याचे श्रेय त्याला आजही पुरेसे दिले जात नाही. त्यानंतर जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांची जवळीक दिसते, पण ती दुय्यम प्रसंगापुरतीच, आणि संस्थेच्या लेखी तो शिस्तीचा प्रश्न ठरतो.

हे प्रेम कथेच्या केंद्रस्थानी आणणारा आणि देशभर चर्चिला गेलेला चित्रपट म्हणजे दीपा मेहता यांचा ‘फायर’ (१९९६). त्यातील राधा आणि सीता या एकाच घरातल्या जावा आहेत. सहलीच्या प्रसंगात धाकटी जाऊ थोरलीचे पाय चेपते. समोर बसलेल्या घरच्यांना त्यात फक्त सेवाभाव दिसतो, प्रेक्षकाला मात्र त्या बोटांतली ओढ जाणवते. थोरल्या जावेचे पाय चेपणे म्हणजे काय, हे मराठी घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही, म्हणून हा प्रसंग इथल्या प्रेक्षकाला विशेष भिडतो. सेन्सॉर मंडळाने काटछाट न करता प्रमाणपत्र दिलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९८मध्ये भारतात प्रदर्शित झाला. डिसेंबरमध्ये मुंबई आणि दिल्लीतील चित्रपटगृहांवर हल्ले झाल्यावर तो पुन्हा मंडळाकडे गेला आणि १९९९च्या फेब्रुवारीत काटछाटीविनाच परतला. लिजी पुल्लापल्ली यांच्या ‘संचारम’ (२००४) या मल्याळम चित्रपटात किरण ही मुलगी एका मुलाच्या नावाने आपल्याच मैत्रिणीला प्रेमपत्रे लिहिते. स्वतःचे शब्द तिला परक्या नावाने पाठवावे लागतात.

अशा चित्रपटांना वितरक मिळणे अवघड असल्याने महोत्सव हाच त्यांचा मुख्य आधार असतो. पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेली चित्रपट प्रशिक्षण संस्था, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि २००२पासूनचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांच्यामुळे चोखंदळ प्रेक्षकवर्ग घडलेला आहे.

६ सप्टेंबर २०१८च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने मात्र अशा विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही. त्यामुळे भाड्याची खोली घेताना घरमालकिणीने ‘तुम्ही एकमेकींच्या कोण?’ असे विचारल्यावर ‘रूममेट’ हेच उत्तर द्यावे लागणे, हा आजच्या कथेतही खरा वाटणारा प्रसंग आहे.