घरगुती धुण्याची पावडर: परिटाच्या भट्टीपासून स्लरीच्या कॅनपर्यंत

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नवी मुंबईत ऐरोली-कोपरखैरण्याच्या एखाद्या गृहसंकुलात धुण्याची पावडर घरीच करण्याचा विषय निघाला, की दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक म्हणजे त्यात पैसे वाचतात आणि दुसरी म्हणजे आपल्या आज्या-पणज्या असेच करीत असत. पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी मात्र तपासून घ्यावी लागते. आजीच्या घरात कपडे रिठ्याने, राखेने आणि पुढे साबणाच्या वडीने धुतले जात. पावडर घरी कालवण्याची रीत १९७० नंतरची आहे आणि तिचा जन्म कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कच्च्या मालामुळे झाला. हा फरक लक्षात घेतला नाही तर घरगुती पावडरीकडून नको त्या अपेक्षा ठेवल्या जातात आणि घ्यायला हवी ती काळजी राहून जाते, म्हणून तिचा मागचा प्रवास थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

कपड्यातील मळ निघण्यासाठी मुळात दोन पदार्थ लागतात. तेलकटपणा सोडवून पाण्यात तरंगत ठेवणारा एक आणि पाणी अल्कधर्मी करणारा, म्हणजे ज्याला आपण खार म्हणतो तो दुसरा. पहिले काम रिठा करीत असे. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. साल रात्रभर भिजवून, उकळून, हाताने कुस्करून गाळली की मऊ फेसाचे पाणी मिळते आणि त्यात रेशीम, लोकर व दागिने निर्धास्तपणे धुता येतात. खाराचे काम राखेकडे असे. लाकडाची किंवा केळीच्या सोपटांची राख पाण्यात कालवून निवळू दिली की वर येणारे पाणी बुळबुळीत लागते, ते त्यातील पोटॅशियम कार्बोनेटमुळे. याखेरीज जमिनीतून आणि खाऱ्या तळ्यांतून मिळणारा नैसर्गिक सोडा होताच. विदर्भातील लोणारच्या सरोवरातून असा क्षार शतकानुशतके काढला जात असे आणि त्या परिसरात काच व साबण यांची सामग्री मिळते अशी नोंद अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे.

तरीही घरात धुतले जाई ते रोजचे, अंगावरचे. मोठे धुणे परिटाकडे जाई, आणि ही बाब आजच्या चर्चेत जवळजवळ कोणी विचारात घेत नाही. ठाण्यात चरईतील धोबी आळीचे नाव अजून टिकून आहे. परिटाची भट्टी म्हणजे खाराच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्यांची चळत उकळत्या हंड्यावर रचून तासन्‌तास वाफवणे, मग पाणवठ्यावर दगडावर आपटणे, नीळ देणे आणि खळ करणे. कपडे ओळखण्यासाठी कोपऱ्यात बिब्ब्याची खूण घातली जाई आणि ती कितीही धुण्यांत पुसली जात नसे. म्हणजे त्या काळी कपडे स्वच्छ होत त्यात द्रव्याचा वाटा मर्यादित होता. उष्णता, वेळ आणि एका समाजाचे अंगमेहनतीचे श्रम यांचा वाटा फार मोठा होता. आजीच्या काळात कमी खर्चात धुतले जाई असे म्हणताना या श्रमांचे मोल हिशेबात धरलेले नसते.

राखेची जागा पुढे कारखान्यातील सोड्याने घेतली. मिठापासून सोडा करण्याची कृती फ्रान्समध्ये निकोलस लब्लांक याने १७९१ मध्ये पेटंट केली आणि बेल्जियमच्या एर्नेस्ट सॉल्व्हे याने १८६१ मध्ये अमोनिया वापरून त्याहून स्वस्त पद्धत शोधली. धुण्याचा सोडा म्हणून वाण्याकडे सुटा मिळणारा पांढरा पदार्थ तो हाच, सोडियम कार्बोनेट. मीठ ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांतही पिकत होते, परंतु सोड्याचे मोठे कारखाने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर उभे राहिले. मिठापूरचा टाटा केमिकल्सचा प्रकल्प १९३९ सालचा. सोडा स्वस्त झाला नसता तर घरगुती पावडर शक्यच झाली नसती, कारण आजही तिचा बराचसा भाग सोड्याचाच असतो.

साबणाच्या वड्यांचा इतिहास येथे थोडक्यात पुरे. लिव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला, गोदरेज यांनी १९१८ मध्ये वनस्पती तेलापासून साबण काढला, आणि १९३४ मध्ये शिवडीला लिव्हरचा कारखाना सुरू झाला. टाटा ऑइल मिल्सचा ‘५०१’ हा कपड्याचा बार ठाण्या-मुंबईच्या चाळींत घरोघरी ओळखीचा होता. साबण घरी करण्याचा प्रयत्नही याच काळात झाला. ग्रामोद्योगाच्या चळवळीने आणि पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुनिंब, करंज, मोह यांच्या अखाद्य तेलांपासून साबण करण्यास प्रोत्साहन दिले. परंतु साबण करायचा तर तेल आणि कॉस्टिक सोडा यांचे माप अचूक लागते, वडी मुरायला आठवडे लागतात आणि कॉस्टिक अंगावर उडाला तर कातडी भाजते. दोन खोल्यांच्या घरात हा उद्योग रुजणे कठीणच होते.

पावडरीने हे चित्र पालटले. पहिल्या महायुद्धात चरबीचा तुटवडा पडल्यामुळे जर्मनीत तेलाशिवाय चालणारी कृत्रिम प्रक्षालके, म्हणजे डिटर्जंट, शोधली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पेट्रोलियमपासून मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आणि भारतात १९५९ मध्ये सर्फ आली. ती मध्यमवर्गालाही चैन वाटावी इतकी महाग होती. १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल या सरकारी खात्यातील रसायनतज्ज्ञाने घराच्या मागील अंगणात हाताने पावडर कालवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. नामांकित पावडर किलोला १३ ते १५ रुपयांना असताना त्यांची निरमा साडेतीन रुपयांच्या आसपास मिळत असे. विजेचे यंत्र न वापरता हाताने माल करणाऱ्या लहान उत्पादकांना अबकारी करात सूट होती, तिचाही या स्वस्ताईला हातभार लागला. परंतु निरमाचे महत्त्व किमतीपुरते नाही. धुण्याची पावडर एका माणसाला अंगणात करता येते, ही गोष्ट तिने देशाला दाखवून दिली, आणि घरगुती पावडरीचा खरा उगम मी येथेच मानतो.

ठाणे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात ही कृती रुजायला परिस्थिती विशेष अनुकूल होती. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ मध्ये सुरू झाली. पलीकडे खाडीच्या पूर्वेला रसायनांचे कारखाने ओळीने उभे राहिले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पनवेलपुढे पाताळगंगा येथे लिनिअर अल्काइल बेंझीन हे पेट्रोलियमपासून होणारे द्रव्य तयार होऊ लागले. त्यापासून होणारे दाट, तपकिरी, उग्र वासाचे आम्ल म्हणजे बाजारात ज्याला अ‍ॅसिड स्लरी म्हणतात ते. स्लरी आणि सोडा यांचा संयोग झाला की पावडरीतील मळ काढणारा मुख्य घटक तयार होतो. हा माल कॅनमधून सुटा मिळू लागल्यावर महिला मंडळांच्या प्रशिक्षण वर्गांत फिनेल, अगरबत्ती आणि मेणबत्ती यांच्या जोडीला धुण्याची पावडर आली. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले होते, आणि नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतल्यावर गटांच्या हाती थोडे भांडवलही खेळू लागले. याच सुमारास मुंबई परिसरात एक मोठे उदाहरण डोळ्यांसमोर होते. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या संस्थेने ‘ससा’ ही धुण्याची पावडर बाजारात आणली होती.

माझी आई ठाण्यातल्या कोपरीतल्या अशाच एका मंडळात होती, त्यामुळे ही कृती मी लहानपणी जवळून पाहिली आहे. पटांगणातील फरशीवर सोड्याचा ढीग करून त्याच्या मध्यभागी, कणीक भिजवताना करतात तसे, आळे केले जाई. त्यात एकजण स्लरीची बारीक धार सोडी आणि बाकीच्या दोघीजणी लाकडी फळीने कडेचा सोडा आत ओढत राहत. आम्ल सोड्याला लागताच मिश्रण फसफसे, कार्बन डायऑक्साइड निघे आणि ढीग हाताला गरम लागे. नाकाला पदर बांधलेला असला तरी खोकला येई. गुठळ्या फोडून ढीग रात्रभर थंड होऊ देत आणि सकाळी गव्हाच्या चाळणीने चाळून त्यात रंगाचे दाणे आणि वास घालत. अर्ध्या किलोच्या पिशव्यांची तोंडे हॅकसॉच्या दोन पात्यांमध्ये धरून मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवली की चिकटत. आईच्या वहीत या कृतीच्या पानावर प्रमाणांखाली तिने लिहून ठेवले होते, “नंतर हाताला खोबरेल लावणे.”

ते खोबरेल का लागे, याचे उत्तर रसायनात आहे. एक किलो स्लरी पूर्णपणे उदासीन करायला हिशेबाने सुमारे १६५ ग्रॅम सोडा पुरतो. स्वस्त पावडरीत सोडा स्लरीच्या दोन-तीन पट असतो, कारण सोडा स्वस्त आहे, तो पाणी मृदू करतो आणि मिश्रण कोरडे ठेवतो. हा उरलेला सोडा पाणी कडक अल्कधर्मी करतो. बादलीत हात घालून रोज कपडे घासणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा पडतात त्या त्यामुळे, आणि लोकर व रेशीम अशा पावडरीत खराब होते ते याच कारणाने. कारखान्यातील चांगल्या पावडरीत सोडा मर्यादित ठेवून जड पाण्याचा बंदोबस्त करणारी इतर द्रव्ये, सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसू न देणारे सीएमसी आणि डाग तोडणारी एन्झाइम्स असतात. त्यांचा खर्च वगळला जातो, म्हणूनच घरगुती पावडर इतकी स्वस्त पडते. बचत खरी आहे, पण ती कशाच्या जागी होते आहे हे ठाऊक असावे. याहून कळकळीने सांगायचे ते स्लरीबद्दल. ती मोठ्या कॅनमधून पाण्याच्या जुन्या बाटल्यांत ओतून, कोणतीही चिठ्ठी न लावता विकलेली मी अनेकदा पाहिली आहे. ते तीव्र आम्ल आहे. डोळ्यांत गेले तर कायमची इजा होऊ शकते, आणि लहान मुले असलेल्या घरात ती बाटली फडताळाच्या खालच्या कप्प्यात असता कामा नये. हातमोजे व चष्मा न वापरता आणि उघडी जागा नसताना ही कृती करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडे स्लरी टाळणाऱ्या कृती अधिक पसरल्या आहेत. कपड्याच्या साबणाची वडी किसून त्यात धुण्याचा सोडा आणि टाकणखार मिसळण्याची कृती मूळची अमेरिकेतली. तिचा परिणाम पाण्यावर अवलंबून असतो आणि ठाण्याच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शहराला नळाने मिळणारे पाणी भातसा आणि उल्हास नद्यांचे, नवी मुंबईचे मोरबे धरणाचे. दोन्ही तुलनेने मृदू असल्यामुळे साबणाला त्यात फेस येतो. परंतु उन्हाळ्यात ज्या इमारती बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात, तेथे पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका धरतो. गडद कपड्यांवर करडे ओघळ आणि यंत्राच्या ड्रमला बुळबुळीत थर दिसतो तो हाच. सोडा जरा वाढवला तर हा त्रास कमी होतो, कारण कॅल्शियम आधी सोड्याशी संयोग पावते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालण्याचा सल्लाही बराच दिला जातो. त्यात दोघे एकमेकांना उदासीन करतात आणि फसफसण्यापलीकडे हाती फारसे काही लागत नाही. लिंबू-संत्र्याच्या साली तीन भाग, गूळ एक भाग आणि पाणी दहा भाग असे तीन महिने आंबवून केलेले द्रव भांडी व फरशीला बरे पडते, पण ते आंबट असते, त्यामुळे कपड्यांच्या तेलकट मळावर एकटे पुरे पडत नाही.

घरगुती म्हणजे निसर्गस्नेही, हे समीकरणही सरसकट मान्य करता येत नाही. स्लरी कोपरीच्या पटांगणात कालवली काय किंवा कारखान्यात, नाल्यातून खाडीत जाणारे रसायन तेच असते. रिठ्याची गोष्ट वेगळी आहे. तो खरोखर झाडाचा आहे, अल्कधर्मी नाही आणि जांभळी नाक्याच्या बाजारात आजही सुटा मिळतो. मात्र त्याचे उकळलेले पाणी दोन-तीन दिवसांत आंबते, फ्रिजमध्ये ठेवले तरी आठवड्यापलीकडे भरवसा नाही, आणि हळद-तेलाच्या डागांपुढे ते कमी पडते.

अलीकडची मोठी अडचण समोरून उघडणाऱ्या धुण्याच्या यंत्रांची आहे. त्यांत पाणी कमी लागते, त्यामुळे बादलीसाठी योजलेल्या पावडरीचा फेस मावत नाही. यंत्र फेस ओळखून थांबते किंवा धुण्याचा वेळ वाढवते, आणि कपड्यांत पावडर राहून ते कडक वाळतात. आमच्या इमारतीत जी तीन-चार घरे अजून पावडर स्वतः करतात, त्यांनी यावर आपापसांत साधी वाटणी करून घेतली आहे: पायपुसणी, पडदे, चादरी आणि कामाचे कपडे घरच्या पावडरीत बादलीत भिजतात, यंत्रासाठी कमी फेसाचे लिक्विड दुकानातून येते, आणि स्वेटर व रेशमी सोवळी आदल्या रात्री भिजवलेल्या रिठ्याच्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळत घातली जातात.