शोकनायक (प्राचीन ग्रीक नाटक)

प्राचीन ग्रीक शोकात्मिकेतील ज्या थोर व्यक्तीचा वैभवातून विनाश होतो आणि तो पाहताना प्रेक्षकाच्या मनात करुणा व भीती एकदमच दाटून येते, ती व्यक्ती म्हणजे शोकनायक. संकल्पनेचा आधार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा ‘काव्यशास्त्र’ हा इ. स. पू. चौथ्या शतकातील ग्रंथ. मात्र ‘शोकनायक’ हा शब्द त्याने स्वतः वापरलेला नाही. तो पुढच्या समीक्षकांचा. अथेन्सच्या लोकांना ‘हीरोस’ म्हटल्यावर आठवे तो मृत्यूनंतर ज्याच्या थडग्यापाशी नैवेद्य दाखवला जाई असा पराक्रमी पूर्वज.

ॲरिस्टॉटलचा युक्तिवाद सरळ आहे. अगदी निर्दोष माणसावर संकट कोसळले तर प्रेक्षकाला धक्का बसतो, चीड येते. दुष्टाची धूळधाण झाली तर बरे वाटते, पण डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून नायक या दोहोंच्या मधला हवा: नामांकित कुळातला, आपल्यासारखाच, आणि नीचपणामुळे नव्हे तर एखाद्या ‘हमार्तिया’मुळे बुडणारा. हा शब्द ज्या क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. त्याचे ‘स्वभावदोष’ असे भाषांतर सर्रास केले जाते आणि त्याने फार नुकसान झाले आहे. तसे मानले की सोफोक्लीझच्या ‘राजा ईडिपस’ या नाटकाचा नायक ईडिपस हा केवळ तापट, गर्विष्ठ राजा उरतो आणि त्याची शिक्षा त्याला शोभणारी वाटू लागते. सोफोक्लीझचे नाटक तसे नाही.

थीब्ज या ग्रीक नगरात रोगराई पसरली आहे. जुना राजा लायस याचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, असा देवाचा कौल आहे. आताचा राजा ईडिपस शोध हाती घेतो तो प्रजेसाठी. कोरिंथहून आलेला दूत त्याला धीर द्यायला जातो आणि त्याच बोलण्यातून कळते, की ज्यांना तो आईबाप समजत होता ते त्याचे नव्हेत. त्याची राणी योकास्ता, पूर्वीची लायसची पत्नी, सत्य उमजते; पुढे विचारू नकोस म्हणून विनवते. शेवटी म्हातारा मेंढपाळ समोर येतो. घोटे टोचलेले तान्हे मूल डोंगरावर टाकून यायचे, त्याऐवजी यानेच दया येऊन ते दुसऱ्याच्या हाती दिले होते. भयंकर ते आता बोलावे लागणार म्हणून तो अडखळतो. मलाही ते ऐकवत नाही, पण ऐकलेच पाहिजे, असे ईडिपस सांगतो. ते मूल म्हणजे ईडिपसच: लायस त्याचा बाप, ज्याला त्याने नकळत मारले, आणि योकास्ता त्याची आई. ज्या चिकाटीने त्याने पूर्वी स्फिंक्स या राक्षसीचे कोडे सोडवून नगर वाचवले, तीच इथे त्याला संपवते. नशिबाची कलाटणी आणि सत्याची ओळख एकाच क्षणी घडतात, म्हणून ॲरिस्टॉटलला हे नाटक आदर्श वाटले. मराठी वाचकाला ते पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मधून भेटते.

पण हा साचा सगळीकडे बसत नाही. एस्किलस, सोफोक्लीझ आणि युरिपिडीझ या तीन अथेनियन नाटककारांच्या नावावर आज तीसच्या आसपास शोकात्मिका उरल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच त्याला दाद देत नाहीत. ‘अँटिगनी’त नायक कोण? राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाला मूठमाती देणारी अँटिगनी पश्चात्ताप करत नाही. चूक उमगते ती क्रेऑनला, मुलगा आणि बायको गमावल्यावर. युरिपिडीझच्या इ. स. पू. 431 मधल्या नाटकातली मेडिया तर पोटची मुले जाणूनबुजून मारते आणि सूर्याच्या रथातून निसटते. एस्किलसचे ‘पर्शियन्स’ (इ. स. पू. 472) मला यांत सर्वांत धाडसी वाटते. ग्रीकांनी पर्शियन आरमाराचा पराभव केला त्या सालामिसच्या लढाईला जेमतेम आठ वर्षे झाली होती. ज्यांचे शहर पर्शियनांनी जाळले होते, त्याच अथेन्सकरांसमोर त्याने पराभूत पर्शियन सम्राट झर्क्सीस फाटक्या वस्त्रांत, आक्रोश करत उभा केला.

मद्याचा देव डायोनिसस याच्या उत्सवात, अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर हे नायक उभे राहात. नट सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. बोलणाऱ्या भूमिका तीनच नट वाटून घेत. नायकाच्या भोवती सतत कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, असे: गावचे वृद्ध, स्त्रिया, दासी. त्याच्या उंचीचे माप या साध्या माणसांवरूनच कळे.

सोफोक्लीझच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 401 मध्ये त्याचे ‘कोलोनसचा ईडिपस’ रंगभूमीवर आले. त्यात आंधळा, हद्दपार म्हातारा मुलीच्या हाताला धरून अथेन्सजवळच्या राईत पोचतो. त्याच्या मृत्यूची जागा अथेन्सच्या एकट्या थीसियस राजाला ठाऊक राहते, आणि ती भूमी अथेन्सचे रक्षण करील असे वचन मिळते. इथे ईडिपस जुन्या ग्रीक अर्थानेही ‘हीरोस’ होतो.