गोवारीकर, वसंत रणछोड

(२५ मार्च १९३३ – २ जानेवारी २०१५). भारतीय अवकाशशास्त्रज्ञ व विज्ञान प्रशासक. जन्म पुण्याचा, शिक्षण कोल्हापुरात. पुढे रासायनिक अभियांत्रिकीत बर्मिंगहॅम विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९६७ मध्ये ते केरळमधील थुंबा येथील अग्निबाण केंद्रात आले आणि अग्निबाणांच्या घन इंधनाचे काम त्यांनी उभे केले. चारही टप्पे घन इंधनावर चालणारे एसएलव्ही-३ हे उपग्रह प्रक्षेपक यान १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झाले, तेव्हा ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते.

त्यांच्या कारकिर्दीचा खरा विशेष मात्र १९८६ नंतर दिसतो. त्या वर्षी ते केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. १९८७ साली देशात भीषण दुष्काळ पडला. पाऊस कसा होणार हे पेरणीआधी कळावे, ही कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी आस. गोवारीकरांनी हवामानशास्त्रज्ञांना सोबत घेऊन पावसाच्या अंदाजाचे १६ घटकांचे प्रारूप (मॉडेल) तयार केले. हिमालयावरील बर्फ, एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे), थेट अर्जेंटिनातला हवेचा दाब अशा दूरदूरच्या खुणांवरून संपूर्ण हंगामात सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल ते काढले जाई. १९८८ चा पहिलाच अंदाज खरा ठरला. त्या वर्षी पाऊस उत्तम झाला आणि ‘गोवारीकर मॉडेल’ हे नाव घरोघरी पोचले. २००२ मध्ये मात्र सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पडला. जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. पुढच्या वर्षी हवामान खात्याने प्रारूप बदलले. तरीही आकडा आधी जाहीर करायचा आणि तो चुकला तर सर्वांना दिसू द्यायचा, हा पायंडा मोलाचा होता. लोकांसमोर विज्ञान मांडण्याची याहून प्रामाणिक रीत नाही.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून साजरा होऊ लागला, तो त्यांच्याच सचिवपदाच्या काळात. त्याच वर्षी निघालेल्या भारत जन विज्ञान जथ्यालाही विभागाच्या विज्ञान संचार परिषदेचे पाठबळ होते. देशाच्या पाच दिशांहून निघालेले जथे पथनाट्ये, गाणी व प्रयोग सादर करत ७ नोव्हेंबरला भोपाळला एकत्र आले. वायुगळतीच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या, म्हणून या शहराची निवड अर्थपूर्ण वाटते.

नंतर ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू (१९९५–९८) आणि मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. लोकसंख्यावाढ मंदावत असल्याचे ते आकडेवारीनिशी सांगत. उतारवयात त्यांनी सहकाऱ्यांसह खतांचा इंग्रजी कोश सिद्ध केला.