खोऱ्यात आलेला पक्षी: लांबून आला की वरून?

पाऊस सरून आभाळ मोकळं झालं, की डोंगरातल्या खोऱ्यात एखाद्या सकाळी ओढ्याकाठी नवा पक्षी दिसतो. लगेच वहीत नोंद होते, ‘स्थलांतर सुरू झालं.’ झालं असेलही. पण पाहुणा हजारो किलोमीटर कापून आलाय की समोरच्याच डोंगरावरून उतरलाय, ते या नोंदीवरून कळत नाही. दोन्हीला आपण स्थलांतरच म्हणतो आणि घोळ होतो.

हिमालयातल्या नदीकाठी तर दोघे एकाच खडकावर भेटतात. करडा धोबी पोटाखाली पिवळा, त्याची लांब शेपूट सतत वर-खाली. चार हातांवर व्हाइट-कॅप्ड रेडस्टार्ट: अंग काळं, डोक्यावर पांढरी टोपी, पोट-शेपूट तांबूस, आणि शेपूट यालाही स्वस्थ ठेवता येत नाही. दोघेही पाण्याकाठचे किडे टिपतात. पण धोब्यांतले पुष्कळ इथून पार दक्षिण भारतापर्यंत जातात. रेडस्टार्ट नदी-ओढ्यांच्याच काठाने पायथ्याकडे सरकतो आणि थंडी ओसरली की पुन्हा वर चढतो.

लांब पल्ल्याचा पक्षी पंचांग पाहून निघतो म्हणा ना. दिवस लहान होऊ लागल्याचं शरीराला कळतं आणि किडे अजून मुबलक असतानाच तो चरबी साठवू लागतो. पायात ओळखीचा आकडा असलेली कडी घालण्यासाठी पकडलेल्या पक्ष्याच्या गळ्याखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली, की पातळ कातडीखाली, हाडांच्या खाचेत ही पिवळसर चरबी स्पष्ट दिसते. काही छोट्या पक्ष्यांचं वजन निघण्याआधी जवळजवळ दुप्पट होतं. यांतले बरेच रात्री उडतात. म्हणून संध्याकाळी रिकामी असलेली झुडपं सकाळी अचानक भरलेली सापडतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा रिकामी.

डोंगरातल्या डोंगरात वर-खाली करणारा पक्षी बराचसा हवा बघून हलतो. हजार मीटर खाली उतरलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उबदार होते. बर्फाने खाणं झाकलं की तो उतरतो, ऊन पडून जमीन उघडी झाली की परतही चढतो. एवढ्याशा वाटेला शिदोरी कशाला लागते? अमेरिकेतला माउंटन क्वेल तर हा प्रवास चक्क चालत करतो. आणि तिथलाच डस्की ग्राउझ हिवाळ्यात उलटा वर जातो, कारण सूचिपर्णी झाडांची पानं खाऊन त्याचं भागतं. तेव्हा ‘थंडी पडली की सगळे खाली’ हा नियम धरून बसू नये.

काही पाहुणे खोऱ्यात उतरतही नाहीत. नेपाळात धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून काली गंडकीचं खोरं जातं. शरद ऋतूत कांड्या करकोच्यांचे थवे त्या वाटेने दक्षिणेकडे येतात आणि सोनेरी गरुड त्यांच्यावर टपलेले असतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडताना 7000 मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे.

हा फरक न पाहता ‘यंदा पक्षी लवकर आले’ म्हणणं मला धाडसाचं वाटतं. रेडस्टार्ट आठवडाभर आधी खाली दिसला, तर बहुधा वर लवकर बर्फ पडलं, एवढंच. लांब पल्ल्याचा एखादा पक्षी वर्षानुवर्षं आधी पोचू लागला, तर गोष्ट वेगळी. वाऱ्यापावसाने अडवलं तर त्याचेही चार दिवस मागेपुढे होतात, पण तेवढंच. म्हणून तारखेशेजारी जागेची उंची लिहावी, आणि वर बर्फ होतं का तेही. ‘पहिला दिसला’ एवढ्यावर न थांबता रोज किती दिसले, ते मोजावं.

एवढं करूनही धोबी चकवतोच. पौषात त्या खडकावर शेपूट हलवत बसलेला धोबी उत्तरेकडून आलाय की वरच्या ओढ्यावरून, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पायात कडी असली आणि तिच्यावरचा आकडा वाचता आला, तरच.